अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज

मॉरिशसच्या बंदरावर उतरलेल्या आपल्या पूर्वजांची नावे कारकुनाने जशी कानावर पडली तशी रोमन लिपीत लिहिली. सखारामचा ‘सकाराम’ झाला आणि पुढच्या पिढीने तेच आडनाव लावले. महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या त्या नोंदवह्यांत नुसत्या डोळ्यांनी शोधले तर आपले माणूस हाती लागत नाही. मोठ्याने, कोकणी जिभेने वाचावे, मग ओळख पटते.

2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाज पोर्ट लुईला लागले. पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागांतली माणसे आली. शर्तीच्या कागदावर बहुतेकांचा अंगठाच. तरीही त्यांनी वस्तीवस्तीत बैठका उभारल्या आणि ऊसमळ्यातले काम उरकल्यावर, दिव्याच्या उजेडात, मुलांकडून क, का, कि, की घोकून घेतले. आज ज्याला फोनिक्स म्हणतात त्याच्या जवळचेच हे शिक्षण होते. आपल्या लिपीत ‘क’चे नाव आणि आवाज एकच. अडचणी नाहीत असे नव्हे: ‘कि’ची वेलांटी आधी दिसते, ऐकू मागाहून येते, चहातला ‘च’ वेगळा, चाकातला वेगळा.

आमच्यापैकी काही कुटुंबे आता व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये आहेत. (1857 साली बुडत्या जहाजाबरोबर प्राण दिलेल्या कॅप्टन विल्यम लुईस हर्नडन यांचे नाव या गावाला आहे. जहाजातून आलेल्यांच्या वंशजांना गाव परके वाटू नये!) इथे नातवंडांसमोर इंग्रजीचा पेच आहे. ‘एच’ या नावात ‘ह’चा आवाज नाही, ‘डब्ल्यू’त ‘व’चा नाही. अक्षरे 26, आवाज सुमारे 44. म्हणून शिकवणीत नावे बाजूला ठेवून आधी आवाज देतात. स, अ, ट, प, इ, न एवढे सहा आवाज आले की मूल ते जोडून ‘सॅट’, ‘पिन’, ‘टिन’ असे शब्द स्वतः वाचते. चित्र पाहून अंदाजाने शब्द ठोकून देण्याची सवय मात्र लवकर मोडावी लागते. व्हर्जिनियाने 2022 मध्ये साक्षरता कायदा केला आणि 2024-25 पासून प्राथमिक वर्गांत संशोधनाचा आधार असलेले वाचनशिक्षण बंधनकारक झाले, त्यात हा भाग आहे.

फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभारणाऱ्या मॅक्सीन बर्नसन जन्माने अमेरिकन. त्यांनीही सबंध मुळाक्षरे पाठ होण्याची वाट न पाहता, मोजक्या अक्षरांपासून अर्थाचे शब्द करत मुलांना मराठी वाचते केले. त्यांचा भर अर्थावर होता, आणि नेमके तिथेच आमचे दुखणे आहे. मॉरिशसमध्ये घरी क्रिओल बोलणारे मूल मराठी धडा न अडखळता वाचते. ‘याचा अर्थ काय?’ विचारले की गप्प. हर्नडनमध्येही तेच, फक्त क्रिओलच्या जागी इंग्रजी. गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाची मांडणी गुणाकाराने केली: अक्षरे उलगडणे गुणिले भाषा समजणे. यातला एक आकडा शून्य असला तर दुसरा कितीही मोठा असून उपयोग नाही.

बैठकीने पहिला आकडा सांभाळला. दुसरा घरात, जेवताना, आजीच्या बोलण्यातून यायचा, आणि आमच्या बहुतेक घरांत तो दोन पिढ्यांपूर्वीच थांबला. म्हणून शिकवणी लावणाऱ्या पालकांना आमचे एवढेच सांगणे: इंग्रजी आवाजांची वीस मिनिटे झाल्यावर दहा मिनिटे मुलाशी मराठीत बोला. पुस्तक लगेच उघडायची घाई नको. आधी मीठ, पाणी, ताट, चमचा हे शब्द रोज कानावर पडू द्या. मग तेच शब्द कागदावर लिहून मुलासमोर ठेवा.