तिकीट कोण देतं?

शीतयुद्धाचा धडा चालू असताना नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, अमेरिकेत तिकीट कोण देतं?" आपल्याकडे ते मुंबई-दिल्लीत ठरतं, हे तिला घरच्या गप्पांतून ठाऊक. तिकडे उमेदवार ठरवायलाही मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात, असं सांगून मी पुढे सरकलो. उत्तर अपुरं होतं. तिला १९६८ सालच्या न्यू हॅम्पशायरबद्दल सांगायला हवं होतं.

व्हिएतनाम युद्ध पेटलं होतं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातले सिनेटर यूजीन मॅकार्थी उभे राहिले. त्यांच्या मदतीला कॉलेजची पोरं आली आणि बर्फातून दारोदार फिरली. गावातली वडीलधारी माणसं बिचकू नयेत म्हणून कित्येकांनी दाढ्या उतरवल्या, केस कापले. (दाढीवरून माणूस जोखायची खोड फक्त आपल्याकडेच नाही तर!) यातल्या अनेकांना स्वतःला मतच नव्हतं. मतदानाचं वय २१, सैन्यात सक्तीची भरती मात्र १८ पासून. याच भरतीला नकार दिला म्हणून आदल्या वर्षी मुहम्मद अलींचा जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला गेला होता.

१२ मार्चला जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के मतं पडली, मॅकार्थींना ४२. पण राज्याच्या २४ प्रतिनिधींपैकी २० मॅकार्थींचे निवडून आले. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. ज्यांना मत नाही अशा पोरांनी राष्ट्राध्यक्षाला धक्का दिला होता.

खरा धडा मात्र पुढे होता. रॉबर्ट केनेडीही शर्यतीत उतरले. जूनमध्ये त्यांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बऱ्याच राज्यांचे प्रतिनिधी तेव्हा पक्षाचे पुढारीच ठरवत. सभागृहाबाहेर तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या. म्हणजे तिकडेही तिकीट वरूनच आलं होतं!

त्यावरून इतका गदारोळ झाला, की पक्षाला नियम बदलावे लागले. १९७२ पासून बहुतेक प्रतिनिधी प्रायमरीतून येऊ लागले. मतदानाचं वय तिथे १९७१ मध्ये १८ झालं, आपल्याकडे १९८९ मध्ये.

सोमवारी हे सगळं त्या मुलीला सांगणार आहे. ती लगेच विचारील, "सर, मग आपल्याकडे असं मतदान का नाही?" तयारी करून जायला हवं.