पोस्टात अडलेलं पार्सल



आयर्लंडमधल्या मेरी मगी या बाईंची गोष्ट मी वाचली आणि दोन दिवस ती डोक्यातून गेली नाही. वय 27, पदरात चार मुलं, नवरा मच्छीमार, संसार एका कॅराव्हॅनमध्ये. गरोदरपणात रक्तदाब इतका वाढायचा की एकदा अंगावरून वारंही गेलं. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल. रक्तदाबामुळे गोळी चालणार नव्हती, म्हणून त्यांनी इंग्लंडहून पोस्टाने गर्भनिरोधक जेली मागवली. कस्टमने ती जप्त केली! गर्भनिरोधकं विकायला आणि देशात आणायला तिथे 1935 पासून कायद्यानेच बंदी होती.

मुळात 1930 पर्यंत ख्रिस्ती धर्मातले बहुतेक पंथ याच्या विरोधात होते. त्या वर्षी अँग्लिकन बिशपांनी लॅम्बेथच्या परिषदेत थोडी मोकळीक दिली. कॅथलिक चर्चने मात्र दिली नाही. 1968 मध्ये पोप सहावे पॉल यांनी पुन्हा तेच सांगितलं: पाळीचे दिवस मोजून संयम पाळा, बाकी काही नको.

संयम आपल्याला नवा नाही, ब्रह्मचर्य अणुव्रत आपण लहानपणापासून ऐकतो. पण व्रत आपण आपल्या मनाने घेतो. तरी खरं सांगू? माझ्या आजीची नऊ बाळंतपणं झाली, तिला कोणी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. आणि मुंबईत र. धों. कर्वे 1921 पासून संततिनियमनाचा सल्ला देत होते, त्यापायी विल्सन या मिशनरी कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. तेव्हा आयर्लंडला हसायला नको.

तिथल्या बायकांनी वाटा काढल्याच. गोळी 'पाळी नियमित करायला' म्हणून डॉक्टर लिहून देत. 22 मे 1971 ला काही जणी डब्लिनहून रेल्वेने बेलफास्टला गेल्या, तिथून गर्भनिरोधकं आणली आणि स्टेशनवर सगळ्यांसमोर दाखवली. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, म्हणून चक्क ॲस्पिरिन आणून त्याच गोळ्या म्हणून मिरवल्या!

मगीबाई कोर्टात गेल्या. हायकोर्टात हरल्या, पण डिसेंबर 1973 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा नवराबायकोचा खाजगी प्रश्न आहे, सरकारने त्यात पडू नये. पार्सल सुटलं, दुकानं बंदच. 1979 च्या कायद्याने ती उघडली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, कुटुंबनियोजनापुरती. चिठ्ठीशिवाय निरोध मिळायला 1985 उजाडलं.

घटस्फोटाला लोकांनी 1986 मध्ये मतदानातून नकार दिला, 1995 मध्ये होकार दिला, तोही जेमतेम नऊ हजार मतांनी. आणि 2015 मध्ये समलिंगी विवाहाला 62 टक्के मतं पडली. 'धर्म बुडाला' म्हणणारे तिथेही होतेच. पण 2011 च्या जनगणनेत त्याच देशातल्या 84 टक्के लोकांनी स्वतःचा धर्म कॅथलिक असाच लिहिला होता.