ॲडव्हेंटिस्ट पंथाचा आहारविचार : दृष्टान्त, ग्रंथ आणि वाद

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात उदयास आलेला प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ होय. शनिवारी पाळावयाचा शब्बाथ आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची प्रतीक्षा या त्याच्या दोन खुणा त्याच्या नावातच आहेत. पंथाबाहेरच्यांना मात्र तो परिचित आहे तो शाकाहार, रुग्णालये आणि न्याहारीचे कॉर्नफ्लेक्स यांमुळे. जगाच्या अंताची वाट पाहणाऱ्यांनी नश्वर देहाची इतकी निगा का राखावी, हे कोडे पहिल्या नजरेत सुटत नाही. त्याचे उत्तर एलन व्हाइट यांच्या लेखनात आहे, आणि पंथातील सर्वांत कडवट वादही त्याच लेखनाभोवती झडला आहे.

न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मिलर या शेतकरी धर्मोपदेशकाने बायबलमधील ‘दानीएल’ या पुस्तकातील 2300 दिवसांच्या उल्लेखावरून ख्रिस्त लवकरच परत येणार असे गणित मांडले. त्यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख निश्चित केली. तो दिवस आला आणि गेला. काहीच घडले नाही. ‘महानिराशा’ या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या प्रसंगानंतर हजारो अनुयायी पांगले. उरलेल्यांपैकी काहींनी तारीख बरोबर, अर्थ मात्र चुकला, अशी मांडणी केली. त्या दिवशी ख्रिस्ताने पृथ्वीवर नव्हे, तर स्वर्गीय पवित्रस्थानात आपल्या कार्याचा नवा टप्पा सुरू केला, असे ते मानू लागले.

याच गटात एलन हार्मन ही मेन राज्यातील तरुणी होती. जन्म 1827 चा. नऊ वर्षांची असताना तोंडावर दगड लागून झालेल्या दुखापतीमुळे तिचे शालेय शिक्षण जवळजवळ तिथेच थांबले. डिसेंबर 1844 मध्ये, सतराव्या वर्षी, तिला पहिला दृष्टान्त झाला. (मराठीत हा शब्द बोधकथेसाठीही वापरतात, येथे तो स्वप्नात वा समाधीत झालेल्या दर्शनाच्या अर्थाने घ्यावयाचा.) 1846 मध्ये जेम्स व्हाइट यांच्याशी विवाह झाल्यावर ती एलन व्हाइट झाली. 1915 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी सुमारे चाळीस पुस्तके आणि पाच हजारांवर लेख लिहिले. त्यांना संदेशाचे वरदान होते असे पंथ मानतो. मात्र अंतिम प्रमाण बायबलच, आणि त्या मोठ्या प्रकाशाकडे नेणारा आपण लहान प्रकाश, अशी स्वतः व्हाइट यांची भूमिका होती.

मे 1863 मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे पंथाची रीतसर स्थापना झाली. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, जूनच्या प्रारंभी, ऑटसेगो या गावी व्हाइट यांना आरोग्याविषयीचा दृष्टान्त झाला. मद्य, तंबाखू, चहा-कॉफी, मसाले आणि मांस यांपासून दूर राहावे. शुद्ध पाणी, मोकळी हवा, ऊन, व्यायाम व विश्रांती यांवर भर द्यावा. औषधांच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या विषारी द्रव्यांवर विसंबू नये, असा त्याचा आशय. त्या काळी डॉक्टर पाऱ्याची संयुगे सर्रास देत असत, हे लक्षात घेतले म्हणजे शेवटच्या मुद्द्याचे मोल कळते. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील विचारावर ही सारी शिकवण उभी आहे. प्रभूच्या आगमनासाठी सिद्ध राहायचे तर बुद्धी निर्मळ हवी, आणि त्यासाठी देह निरोगी हवा, असा हा युक्तिवाद आहे.

शाकाहार पंथात सक्तीचा आहे, हा समज मात्र खरा नाही. ‘उत्पत्ती’ या पुस्तकात मानवाला पहिला आहार म्हणून धान्य व फळे दिली आहेत, म्हणून शाकाहार हा आदर्श ठरतो. सभासदांसाठी बंधन आहे ते मद्य, तंबाखू व अमली पदार्थांचे, तसेच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात अशुद्ध ठरवलेल्या प्राण्यांचे. गोव्याच्या ताटाच्या भाषेत सांगायचे तर पर आणि खवले असलेला बांगडा चालतो. पण सुंगटां, कुर्ल्यो, तिसऱ्यो चालत नाहीत आणि डुकराच्या मांसाचे चोरीस तर नाहीच नाही. खुद्द व्हाइट यांनीही 1863 नंतर अधूनमधून मांस खाल्ले. ते कायमचे सोडले 1894 मध्ये, ऑस्ट्रेलियात असताना.

1866 मध्ये बॅटल क्रीक येथे पंथाने आरोग्यसंस्था उघडली. 1876 मध्ये तिची सूत्रे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्याकडे आली आणि तेथील सॅनिटेरियम जगप्रसिद्ध झाले. रुग्णांसाठी मांसाला पर्याय शोधता शोधता तिथल्या स्वयंपाकघरात धान्याच्या पोह्यांसारख्या कुरकुरीत पाकळ्या तयार झाल्या. धाकटे बंधू विल यांनी 1906 मध्ये कॉर्नफ्लेक्सची स्वतंत्र कंपनी काढली. त्यापुढच्याच वर्षी जॉन केलॉग यांना मतभेदांमुळे पंथातून काढण्यात आले. ज्या खाद्यपदार्थाने पंथाचे नाव घरोघरी नेले, त्याचा नफा पंथाकडे आला नाही.

वादाचा मुद्दा सल्ला चांगला की वाईट हा नव्हता. तो आला कुठून, हा होता. सिल्व्हेस्टर ग्रॅहम, लार्किन कोल्स, जेम्स केलब जॅक्सन हे सुधारक 1863 पूर्वीच अशाच गोष्टी सांगत होते. ऑटसेगोच्या काही महिने आधी व्हाइट दांपत्याने घटसर्पाने आजारी पडलेल्या आपल्या मुलांवर जॅक्सन यांच्याच लेखातील जलोपचार केले होते. दृष्टान्ताचा आशय लिहून होईपर्यंत आपण इतरांची आरोग्यविषयक पुस्तके वाचली नाहीत, असे व्हाइट यांचे म्हणणे होते. याच पंथात वाढलेले इतिहासकार रोनाल्ड नंबर्स यांनी 1976 च्या ‘प्रॉफेटेस ऑफ हेल्थ’ या पुस्तकात या दाव्याची कागदोपत्री छाननी केली आणि पंथात खळबळ उडाली. 1982 मध्ये वॉल्टर रे या धर्मोपदेशकाने त्यांच्या इतर ग्रंथांतील उसनवारीची उदाहरणे पुस्तकरूपाने मांडली. पंथाने ग्रंथांतील साम्य नाकारले नाही. ईश्वरी प्रेरणा शब्दांना नव्हे, तर व्यक्तीला होते, आणि संदेष्टाही उपलब्ध साहित्य वापरू शकतो, असे उत्तर दिले गेले. ज्या कुटुंबांत दोन-तीन पिढ्यांनी प्रत्येक घास या लेखनाच्या आधाराने निवडला होता, त्यांना हे उत्तर सारखेच पटले असे नाही.

आहाराच्या परिणामांची परीक्षा मात्र वेगळ्या मार्गाने झाली. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा या पंथाच्या विद्यापीठाने 1970 च्या दशकात सुमारे 34 हजार सभासदांचा अभ्यास आरंभला. राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत ॲडव्हेंटिस्ट पुरुष सुमारे सात, तर स्त्रिया सुमारे चार वर्षे अधिक जगतात, असे त्यातून निघालेल्या 2001 च्या शोधनिबंधाने दाखवले. 2002 पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे 96 हजार जण सहभागी झाले. त्यांतले निम्म्याच्या आसपास मांसाहारी गटात मोडतात, म्हणून एकाच समाजात तुलना शक्य होते. तरीही सारे श्रेय आहाराला देणे घाईचे ठरेल. ही मंडळी सहसा धूम्रपान करत नाहीत, मद्य घेत नाहीत आणि आठवड्यातून एक दिवस खरोखर काम थांबवतात.

महाराष्ट्रात या पंथाचे मोठे केंद्र पुणे आहे. 1915 मध्ये कोइमतूर येथे सुरू झालेली शिक्षणसंस्था पुढे पुण्यात आली. स्पायसर महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाई. 2014 पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. तिच्या बेकरीतला गव्हाचा पाव कित्येक पुणेकर नेमाने आणतात. ‘हेरल्ड ऑफ हेल्थ’ हे आरोग्यविषयक मासिकही पुण्यातील पंथाच्या प्रकाशनगृहाचेच.