जुनी पिकअप कमी वेगात थरथरते? दोष कुठे, असा ओळखा

सिंदेवाही परिसरात धानाची पोती वाहणाऱ्या जुन्या पिकअप बऱ्याचदा पहिल्या गिअरमध्ये थरथरतात आणि वेग वाढला की शांत होतात. अशा वेळी आधी व्हील बॅलन्सिंगवर खर्च करू नका. तो दोष सहसा जास्त वेगात जाणवतो.

थरथर कधी होते?

- उभ्या गाडीतही : इंजिन माउंटिंग
- चालत्या गाडीत, क्लच दाबला तरी : टायरचा फुगा, वाकडी रिम
- फक्त गाडी उचलताना : क्लच, जॉइंट शाफ्टचा क्रॉस, सेंटर बेअरिंग
- फक्त ब्रेक लावताना : ब्रेक ड्रम

माल भरल्यावर पाटे दबतात आणि शाफ्टचा कोन बदलतो. म्हणून थरथर रिकाम्या गाडीत होते की भरलेल्या, हे मेकॅनिकला सांगा.

गिअर टाकताना खालून ‘खट्’ आवाज येत असेल, तर क्रॉस तपासल्याशिवाय मूलच्या जंगल रस्त्याला लागू नका. क्रॉस तुटला की शाफ्ट निखळतो आणि गाडी जागेवरच थांबते.