परसातला ससा

खंडाळा म्हटले की लोकांना लोणावळ्याशेजारचा घाट आणि चिक्की आठवते. आमचे खंडाळे वेगळे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळला नीरा ओलांडली की खंबाटकीचा घाट चढण्याआधी जे गाव लागते ते, पारगाव-खंडाळा. घाटापलीकडे वाईकडची कृष्णाकाठची काळी जमीन; अलीकडे आम्ही, पावसाच्या सावलीतला मुरमाड माळ. बाजरी, ज्वारी, मटकी, आणि मोकळे सोडलेले पुष्कळसे कुसळीचे रान. सावित्रीबाई फुल्यांचे नायगाव याच तालुक्यात आहे, त्यामुळे हल्ली परगावच्या माणसाला पत्ता सांगणे सोपे जाते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या वडिलार्जित घरी राहायला आलो. घरामागे परस आहे. लिंबोणी, शेवगा, पडका गोठा आणि पूर्वी जिथे कडब्याचे बुचाड रचले जाई ती दगडांची बैठक. यंदा श्रावणात हिला त्या दगडांच्या आडोशाला हरळीत दोन पिल्ले दिसली. मुठीएवढी, तपकिरी, डोळे टक्क उघडे. हलत नव्हती. हिने मला हाक मारली, आणि मी जवळ जायच्या आधीच बांधावरून आबांचा आवाज आला, ‘‘हात लावू नगा मास्तर. आई हितंच कुटंतरी बसलीय.’’ आबांची सारी हयात मेंढरांमागे गेली आहे. मी तिथेच थांबलो. थांबण्याचे खरे कारण मात्र पन्नास वर्षांपूर्वीचे होते.

१९७२चा दुष्काळ. आमच्याकडे पाझर तलावाचे काम निघाले होते. आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरे सुकडीच्या आशेने मागे. तिथे एका झुडपाखाली मला सशाची तीन पिल्ले सापडली. आई कुठे दिसेना. टाकून गेली असणार, असे ठरवून मी ती सदऱ्यात घालून घरी आणली. पाटीखाली ठेवली, कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजले. गाय स्वतःच उपाशी होती, तरी आईने वाटीभर दूध दिले. पहिले पिल्लू दुसऱ्या दिवशी गेले, उरलेली दोन तिसऱ्या. गाईचे दूध त्या पोटांना मानवत नाही, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. त्याहून उशिरा कळले ते हे, की त्यांना कोणी टाकलेलेच नव्हते. सशांच्या कुळात आई पिल्लांपाशी बसून राहत नाही. दिवसातून बहुधा एकदाच, अंधार पडता पडता येते, घाईने पाजते आणि निघून जाते. तिच्या वावराने कोल्ह्याला, मुंगसाला जागा कळू नये म्हणून. पिल्लांना फारसा वास नसतो आणि ती हलत नाहीत, एवढेच त्यांचे चिलखत. मी जिला निर्दय समजलो ती त्या संध्याकाळी तिथे आली असणार.

पुढे इतिहास शिकवू लागल्यावर जुन्या पुस्तकांत ससा दिसला की मी टिपून ठेवू लागलो. वही बरीच भरली आहे. तिच्यातून एक गोष्ट मला खटकत आली: आपल्या वाङ्मयात आणि भाषेत ससा आहे तो पळणारा, पकडलेला किंवा खाल्लेला. बसलेला ससा जवळजवळ नाही. आणि प्रत्यक्षातला ससा तर दिवसाचा बहुतेक वेळ बसूनच असतो.

भाषेपासूनच पाहू. माणसाची दारोदार फरफट झाली की आपण त्याची ससेहोलपट झाली म्हणतो. मागे कुत्री आणि पुढे जाळे अशा सशाचे हाल त्या शब्दात आहेत. ससाणा हा पक्षी संस्कृतातल्या ‘शशादन’वरून आला, म्हणजे ससा खाणारा, अमरकोशात तो श्येनाच्या पर्यायांत आहे. म्हणजे मराठीत सशाचा शत्रूही सशाच्याच नावाने ओळखला जातो. ससेमिरा मात्र या घराण्यातला नाही. सिंहासनबत्तिशीच्या परंपरेतल्या एका कथेत अस्वलाचा विश्वासघात करणारा राजपुत्र वेडा होऊन ‘ससेमिरा’ एवढीच अक्षरे बरळतो आणि प्रत्येक अक्षरापासून एकेक श्लोक सुरू होतो, तिथून तो आला. वर्गात मी हे सांगितले की हमखास एखादा मुलगा हिरमुसायचा. त्याने सशाचे चित्र काढून ठेवलेले असे.

ग्रंथांतली गोष्ट अशीच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ससा वस्तरा गिळतो, अशक्य ते घडल्याचा दाखला म्हणून. तर्कशास्त्राने त्याच्या डोक्यावर नसलेली शिंगे लावून ‘शशशृंग’ हे शून्याचे उदाहरण केले. धर्मशास्त्राला तो पाच नखांच्या भक्ष्य प्राण्यांत हवा होता: साळिंदर, घोरपड, गेंडा, कासव आणि ससा. ‘पाच पंचनख खावेत’ या वाक्याचा अर्थ ‘हे पाच खाच’ असा की ‘बाकीचे खाऊ नका’ असा, यावर पतंजलीच्या महाभाष्यापासून मीमांसकांपर्यंत सगळ्यांनी बुद्धी चालवली. मांस कोणाचे ते कोणी विचारले नाही. जातककथांत तेवढा सशाला मान आहे. अतिथीला द्यायला आपल्यापाशी गवताखेरीज काही नाही म्हणून तो आगीत उडी घेतो, आणि शक्र त्याचे चित्र चंद्रावर काढतो. पण तिथेही तो थोर ठरला तो स्वतःला वाढून दिल्यावर.

सशाने एकदाच मागे वळून पाहिले, ते राजधान्यांच्या दंतकथांत. पहिल्या बाजीरावाला कसब्याजवळ एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला, ही भूमी पराक्रमाची म्हणून त्याने तिथे वाडा बांधला, असे पुण्यात आजही सांगतात. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३०ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ची, एवढे पक्के. सशाचे तसे नाही, कारण हाच ससा त्याआधी दोनदा तरी दिसला आहे. अहमदशहाने १४११मध्ये अहमदाबाद वसवले ते याच दृश्यामुळे, अशी तिकडची कथा. विजयनगरबद्दल तीच गोष्ट पोर्तुगीज घोडेव्यापारी फेर्नांव नुनीस याने सुमारे १५३५ साली लिहून ठेवली. तुंगभद्रेवरून साबरमतीवर आणि तिथून मुठेकाठी असा हा ससा फिरला. मला त्या कथेतला गृहीत धरलेला भाग जास्त बोलका वाटतो. सशाने कुत्र्याला पळवणे हा चमत्कार ठरायचा असेल, तर कुत्र्याने सशाला पळवणे हे रोजचेच होते.

कुत्र्याला मात्र इतिहासाने जागा दिली. नीरेपलीकडे जेजुरीला खंडोबासोबत कुत्रा असतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या तावडीतून त्याने धन्याला वाचवले असे सांगतात. शाहूंना शिकारीचा नाद दांडगा होता. आपल्याकडचे लांब पायांचे कारवानी आणि मुधोळ कुत्रे माळावर सशामागे सोडण्याच्या कामीच नावाजले. पुढे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्या जातीला प्रतिष्ठा मिळवून दिली. ससा धावला म्हणून कुत्र्याचे नाव झाले.

शिकारीचे दुसरे साधन म्हणजे वाघूर. संस्कृत ‘वागुरा’ची ही मराठी लेक. झुडपांच्या वाटेवर उभे लावायचे जाळे, आणि मागून हाकारा. फासेपारध्यांकडे हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे. ससा कुठे बसतो, कोणत्या वाटेने उठतो, उन्हाळ्यात सावली कोणती धरतो हे त्यांच्याइतके कोणी पाहिले नसेल. म्हणजे बसलेला ससा कोणाला ठाऊक असेल तर त्यांना, आणि त्यांचे कोणी लिहून घेतले नाही. ब्रिटिशांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची साखळी पुढे त्यांच्याही पायात पडली. तो कायदा १९५२मध्ये गेला. त्यानंतर वीस वर्षांनी, मी पाटीखाली पिल्ले झाकून ठेवली त्याच साली, दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि अनुसूचीत ससा आला. विनापरवाना शिकार गुन्हा ठरली. कायदा योग्यच होता. मी त्याच्या बाजूचा आहे. पण आधी जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांचा पोटापाण्याचा धंदाच आता गुन्हा झाला, आणि बदल्यात काय मिळाले याचा हिशेब कोणी मांडलेला मला आढळला नाही. त्या दुष्काळात ससा सापडला तर आमच्या आळीतही तो चुलीवरच जाई, आणि त्यात कोणाला लाज वाटत नसे, हेही इथे सांगितले पाहिजे.

पुस्तकी सशाने आणखी एक घोळ केला आहे. अंकलिपीतला ससा पांढरा, लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा. तो पाळीव युरोपी ससा. त्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे. तो बिळे खणून वसाहत करतो आणि त्याची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. टॉमस ऑस्टिनने १८५९मध्ये त्यातले वीसपंचवीस ऑस्ट्रेलियात शिकारीसाठी सोडले आणि पुढे त्या देशाला त्यांच्याविरुद्ध शेकडो मैलांचे कुंपण घालावे लागले. आमच्या माळावरचा ससा निराळा. १८२३मध्ये फ्रेडरिक क्युव्हिए याने त्याला लॅटिन नाव दिले ते मानेवरच्या काळ्या डागावरून. तो बीळ खणत नाही. गवतात अंगाएवढा खळगा दाबून घेतो, कान पाठीवर टाकतो आणि माती होऊन बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात, कारण त्यांना घर नसते. इंग्रजीत या दोघांना दोन शब्द आहेत. आपण दोघांना ससाच म्हणतो, म्हणून माळावर पिल्लू दिसले की ‘बिळातून बाहेर पडलेले बिचारे’ असे वाटून कोणीतरी उचलतो. मीही तेच केले होते.

आता तो परसात का आला? ‘जंगल सोडून गावात घुसला’ असे म्हणायची रीत आहे. ससा जंगलातला नव्हताच. गायरान, पडीक, बांधाचे गवत, काढलेल्या बाजरीचे सड, ही त्याची जागा. म्हणजे माणसाने आणि मेंढराने उघडी ठेवलेली जमीन. ती गेली. महामार्ग रुंदावला. शिरवळ, केसुर्डीकडे कारखाने आले. धोम-बलकवडीचे पाणी आले तसा ऊस आला. पाण्याबद्दल तक्रार करण्याइतका मी कृतघ्न नाही. आईने डोक्यावरून वाहिलेल्या हंड्यांची मला आठवण आहे. पण सरकारी नकाशात आणि आमच्या बोलण्यात माळ म्हणजे पडीक, कशाच्याही उपयोगाचा नसलेला. त्यामुळे तो जाताना कोणी हळहळले नाही. आमच्या परसामागच्या माळावर गेल्या वर्षी प्लॉट पडले, चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या. आमचे परस तेवढे आळसामुळे गवताळ राहिले होते.

पिल्ले सापडली तेव्हा आमच्याही परसाला भिंत घालायचे ठरले होते. गवंड्याला इसार दिलेला होता. मी काम तीन आठवडे पुढे ढकलले. तो वैतागला, हीही थोडी. रोज संध्याकाळी आम्ही मागचा दिवा मालवून ओट्यावर बसत असू. पाच-सहा दिवस काहीच दिसले नाही, आणि मला पुन्हा पाटीखालची ती तीन आठवू लागली. मग एका तिन्हीसांजेला शेवग्याखालची सावली हलली. कान दिसले. ती आली, दगडांपाशी थांबली. पाच मिनिटेही झाली नसतील, गेली. ही म्हणाली, ‘‘एवढंच?’’ एवढेच.

श्रावण संपता संपता पिल्ले एकेकटी चरू लागली, नंतर दिसेनाशी झाली. भिंत आता झाली आहे. तळाशी दोन मोऱ्या ठेवायला मी सांगितल्या, तेव्हा गवंडी म्हणाला, ‘‘मास्तर, ससा जाईल एवढी मोरी ठेवली तर भटकं कुत्रंबी येईल.’’ ढाब्यांच्या उष्ट्यावर पोसलेली कुत्री आमच्याकडे पुष्कळ झाली आहेत, त्यामुळे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी त्याने मोरीत एक वीट आडवी बसवून ती अरुंद केली. पुरेशी झाली की नाही ते त्यालाही सांगता येईना. मी सकाळी जाऊन पाहतो. काल लेंड्या होत्या, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, मोरीपासून हातभर अंतरावर.