शिकारीसाठी तालीम कोणाची?

राजाच्या व्यसनांची मोजदाद करताना कौटिल्याने मृगयेला जुगारापेक्षा बरे ठरवले आहे. कारण व्यवहारी आहे : तीत व्यायाम घडतो, कफ-पित्त-मेद झडतात, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो. ‘शाकुंतला’तला सेनापतीही दुष्यंतापुढे हेच गुण गातो. (विदूषकाचे सांधे मात्र त्याच शिकारीने खिळखिळे झालेले असतात, हे कालिदास विसरत नाही.)

पण चित्त्याकरवी काळवीट धरण्याची रीत आली आणि हा हिशेब बदलला. इथे धावायचे चित्त्याने. धन्याने छकड्यातून किंवा घोड्यावरून पाहायचे. मग शरीर कोणाचे कमवायचे?

अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त या तयारीचा तपशील दिला आहे. तो वाचताना मला आपल्याकडच्या तालमीतला खुराक आठवतो. बादशाही चित्त्यांच्या आठ प्रती होत्या. पहिल्या प्रतीला रोज पाच शेर मांस, शेवटच्या प्रतीला पावणेतीन शेर. रविवारी जनावर कापायचे नाही, म्हणून शनिवारी दुप्पट वाटा. खरूज होऊ नये म्हणून वर्षातून एकदा अंगाला लोणी आणि गंधक. घोड्यावर बसून जाणाऱ्या चित्त्यामागे तीन माणसे, गाडीतून जाणाऱ्यामागे दोन. नवा चित्ता तयार करायला पूर्वी दोन-तीन महिने लागत. अकबराच्या देखरेखीखाली ते काम अठरा दिवसांत होई, असे तो म्हणतो. दरबारी लेखकाच्या या आकड्यावर मी थोडी सूट धरतो.

खरी कसरत भुकेची होती. चित्त्याचा दम काही शे मीटरांचा. पोट भरलेले असले तर तो उठत नाही, उपाशी ठेवला तर धाव पुरत नाही. म्हणून सावज टप्प्यात येईपर्यंत डोळ्यांवरची टोपी काढत नसत. या जोखमीचे श्रेय सांभाळणाऱ्या माणसांचे. बखरींत त्यांची नावे शोधू नयेत.

या साऱ्या व्यवस्थेत एक मोठी खोट होती. शिकार चित्ता आईकडून शिकतो, म्हणून रानातला वाढलेला चित्ताच पकडावा लागे. बंदिवासात त्याची वीण जवळजवळ होतच नसे. जहांगिराने एका विणीची नोंद नवल म्हणून केली आहे. म्हणजे पदरचा प्रत्येक तयार चित्ता रानातून वजा झालेला. विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले, ते उगाच नाही. टोपी आणि छकडा तोच, जनावर तेवढे परदेशी.

भारतातले शेवटचे मानले जाणारे तीन चित्ते 1947 साली मध्य भारतातल्या कोरिया संस्थानच्या राजाने रात्री बंदुकीने मारले. तिघे एकमेकांशेजारी बसलेले होते.