पुसलेले नाव

कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून कॅमेऱ्याविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण यंत्र उघडून पाहिल्यावाचून आमचे समाधान होत नाही, आणि उघडलेल्या यंत्रात इतिहास सापडला तर तो चारचौघांना सांगितल्यावाचून राहवत नाही. शाळा आम्हांला लवकर सोडावी लागली. पुढचे शिक्षण यंत्रांनी आणि वाचनालयांनी केले. त्यांतलाच हा एक धडा.

काही वर्षांपूर्वी आम्ही जुन्या बाजारात फिल्मचा एक कॅमेरा घेतला. माथ्यावर ठसठशीत ‘लायका’ असे कोरलेले. विक्रेत्याने जर्मन माल म्हणून दाम मागितला आणि आम्हीही तो आनंदाने मोजला. घरी येऊन पाहतो तो शटरचा पडदा निम्म्यातच अडकतो! मग टेबलावर पांढरे फडके अंथरले, बारीक पेचकस घेतले आणि दुरुस्तीला बसलो. जो स्क्रू निघेल तो क्रमाने कागदावर ठेवावयाचा आणि त्यापुढे आकडा घालावयाचा, ही पहिली शिस्त. ती ज्याने मोडली त्याची दुरुस्ती तिथेच संपली.

लेन्स सोडविली तेव्हाच शंका आली. लेन्स किती पुढे-मागे सरकली हे अंतरमापकाला कळविणारी एक तरफ कॅमेऱ्याच्या मुखात असते. लायकात तिच्या टोकाला गोल चाकी असते. आमच्या कॅमेऱ्यात पाचरीसारखे टोक निघाले. माथा दिव्यापुढे तिरका धरला, तर ‘लायका’च्या खाली घासून टाकलेल्या तीन रशियन अक्षरांच्या पुसट खुणा दिसल्या. ती अक्षरे होती ‘फेड’.

आम्ही फसलो होतो. पण आपल्याला कोणी फसविले, हा प्रश्न लवकरच मागे पडला. कोणाचे नाव पुसले गेले, हा प्रश्न मात्र उरला.

खऱ्या लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत तो काम करी. त्याला दम्याचा विकार, त्यामुळे काचांचे जड कॅमेरे वाहणे जमेना. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्र घेणारा हातात मावेल असा कॅमेरा त्याने १९१४ च्या सुमारास तयार केला. महायुद्ध आडवे आले, आणि तो बाजारात यावयास १९२५ साल उजाडले.

त्याच सुमारास युक्रेनमध्ये महायुद्ध, यादवी आणि १९२१-२२ चा दुष्काळ यांनी असंख्य मुले रस्त्यावर आणली होती. अशा मुलांसाठी खारकोव्ह येथे १९२७ साली एक श्रमवसाहत निघाली. तिचे प्रमुख होते शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको. मुले दिवसातील काही तास शाळेत आणि काही तास कारखान्यात असत. त्यांनी प्रथम विजेवर चालणारी भोके पाडण्याची यंत्रे बनविली. मग लायका हाती आला. १९३२ साली त्याबरहुकूम पहिले कॅमेरे घडविले गेले आणि १९३४ पासून नियमित उत्पादन सुरू झाले. काल रस्त्यावर झोपणारी पोरे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवू लागली!

आता खरे सांगावयाचे तर आमचे मन इथे दोन बाजूंना ओढले जाते. मुलांना कारखान्यात राबविण्याविरुद्ध आम्ही जन्मभर बोलत आलो. शिवाय ‘फेड’ ही आद्याक्षरे फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांची. हे गृहस्थ ‘चेका’ या सोव्हिएत गुप्त पोलिसांचे पहिले प्रमुख. वसाहतही त्यांच्याच खात्याने त्यांच्या स्मरणार्थ काढली. तेव्हा तिला स्वर्ग म्हणण्याचे कारण नाही. पण मुलांचे कसब खोटे म्हणण्याचेही कारण नाही. नाव सत्तेचे कोरले गेले, कारागिरी अनाथांची होती. पुढे नकली माल विकणाऱ्यांनी तेही नाव घासून त्यावर मालदार नाव चढविले. घडविणारा हात दोन्ही वेळा निनावीच राहिला.

दुरुस्तीचे काय झाले, ते सांगतो. पडदा अडकला की नवशिका आधी स्प्रिंगचा ताण वाढवितो. ही चूक. दोष बहुधा वाळून चिकट झालेल्या जुन्या ग्रीसचा असतो. ते पुसून काढावे, आसांच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल इतकेच तेल द्यावे. मग जुन्याच ताणावर पडदा धावतो. गिरण्यांतही आम्ही हेच पाहिले. ताण वाढवून काम वाढत नाही, अडथळा काढावा लागतो.

रबर चढविलेल्या कापडी पडद्यावर एक टाचणीएवढे भोक होते. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हाकडे तोंड करून राहिला, की सूर्य पडदा जाळतो. ते आम्ही काळ्या लवचिक रंगाने बुजविले. लेन्सच्या कड्याखाली कागदाच्या पातळ चकत्या निघाल्या. त्या कचरा समजून फेकणार तोच ध्यानात आले, की लेन्स आणि फिल्म यांतले अंतर याच चकत्यांनी जुळविलेले आहे. कोणा कारागिराने ते मोजून बसविले होते. त्या आम्ही जशाच्या तशा परत बसविल्या.

कॅमेरा आता चालतो. माथ्यावरचे खोटे नाव तसेच आहे. ते घासले तर खालच्या पुसट खुणाही जातील. पण कोणी हाती घेऊन ‘लायका का?’ असे विचारले, की आम्ही त्याला आधी दिव्याजवळ नेतो आणि माथा तिरका धरावयास सांगतो.